एकाचे डायव्हिंग, दोघांची सुट्टी

माझी पत्नी स्कूबा डायव्हर आहे आणि मी नाही. लहानपणी माझ्या कानाच्या पडद्यावर शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मला स्पष्टच सांगून ठेवले आहे की पृष्ठभागावर पोहायला हरकत नाही, परंतु कानावर दाब येईल इतके खाली जायचे नाही. दहा मीटर खोलीवर एकूण दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि कानाची खरी परीक्षा पहिल्या काही मीटरांतच होते, हे कळल्यावर ‘थोडेसेच खाली जाऊन येऊ’ ही सवलतही मी मनातून काढून टाकली. तिने मात्र पन्नाशी जवळ आली असताना तारकर्लीला डायव्हिंगची सुरुवात केली, पुढे अठरा मीटरचा आणि त्यानंतर तीस मीटरपर्यंतचा अभ्यासक्रम पूर्ण केला, आणि तेव्हापासून आमच्या घरात ‘सुट्टीला कुठे जायचे’ हा प्रश्न ‘कोणत्या समुद्रात जायचे’ असा विचारला जाऊ लागला.

अशा जोडप्याच्या सहलीत डायव्हरचा दिवस आखावा लागत नाही. सकाळी सहा-साडेसहाला डायव्ह सेंटरवर हजर होणे, उपकरणे जोडून तपासणे, बोटीने निघणे, दोन डायव्ह आणि त्यांच्या मध्ये तासाभराची विश्रांती, दुपारी बारा-एकपर्यंत परतणे, हे सगळे सेंटरच ठरवून देते. रिकामा राहतो तो दुसऱ्याचा दिवस, आणि तोही सकाळचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या दिवसाचा सर्वांत चांगला भाग. सहली आखून देणाऱ्यांकडे यावर ठरलेली उत्तरे असतात: मसाज, खरेदी, नाहीतर ‘सरांनाही एकदा ट्राय करू दे ना’. म्हणून या खेपेला आम्ही काम वाटून घेतले. डायव्ह कोणाबरोबर आणि कोणकोणते करायचे, हे तिने पाहायचे. बेट, महिना, मुक्काम आणि दिवसांचा क्रम मी ठरवायचा. कोणतीही जागा पक्की करण्यापूर्वी मी एकच गोष्ट तपासणार होतो. ती बोटीवर गेल्यानंतरचे सहा तास, रोज कुठलेतरी तिकीट काढून कोणाच्या तरी मागे न फिरता, मला तिथे आनंदात घालवता येतील का? मला पक्षी पाहण्याचा नाद आहे, पायी फिरायला आवडते आणि वाळूवर तासन्‌तास पडून राहणे मात्र जमत नाही, एवढी माहिती त्या तपासणीला पुरेशी होती.

मालवण-तारकर्ली सर्वांत जवळचे. न डायव्ह करणाऱ्यासाठी ते ठिकाण उत्तमच आहे. सिंधुदुर्ग किल्ला आहे, कर्लीची खाडी आहे, बंदरावरचा मासळीचा लिलाव आहे आणि जेवणाविषयी तर कोणाला काही सांगायला नको. अडचण तिच्या बाजूची होती. किल्ल्याभोवतालच्या खडकांना आणि प्रवाळांना १९८७ पासून सागरी अभयारण्याचे संरक्षण आहे, पण तिथल्या पाण्यात किती दूरवर दिसेल हे वाऱ्यावर आणि गाळावर अवलंबून असते, आणि नवशिकेपणीचे डायव्ह तिथेच झाल्यामुळे तिला आता मोकळे, स्वच्छ आणि खोल पाणी हवे होते. शिवाय एक गोष्ट मालवणहून परतणारे डायव्हर सहसा विचारात घेत नाहीत. शेवटचा डायव्ह करून त्याच दुपारी गाडीने पुण्याला निघायचे म्हणजे घाट चढावा लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे, आणि डायव्हमध्ये दाबाखाली शरीरात विरघळलेला आणि दाब घटताच बुडबुडे होऊ पाहणारा जादा नायट्रोजन बाहेर पडण्याआधी उंची गाठणे ही जोखीम विमानात बसण्याच्याच जातीची असते, प्रमाण काय ते कमी. त्यामुळे मालवणलासुद्धा परतीच्या आधीचा दिवस कोरडा, म्हणजे डायव्हविना, ठेवावाच लागतो, आणि मग तीन दिवसांच्या सुट्टीत उरते काय?

कर्नाटकातल्या मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट तिच्या यादीत वर होते. तिथे पाणी मालवणपेक्षा निवळ मिळते, आणि मुरुडेश्वराची १२३ फुटी शिवमूर्ती, जवळच इडगुंजीचा गणपती व गोकर्ण यांमुळे माझेही दोन दिवस बरे गेले असते. पण पूर्ण सुट्टीचा भार उचलण्याइतके ते ठिकाण आम्हांला वाटले नाही. लक्षद्वीपचे सरोवरासारखे उथळ, शांत पाणी माझ्यासाठी कदाचित सर्वांत योग्य ठरले असते, परंतु भारतीयांनाही तिथे प्रवेशपरवाना लागतो आणि विमानाच्या व राहण्याच्या जागा मोजक्या असतात, म्हणून आमच्या रजांशी मेळ बसेना. मालदीवचे गणित निराळे. तिथे डायव्हिंगसाठी लोक जे आठवडाभराचे बोटीवरचे मुक्काम घेतात, त्यात न डायव्ह करणारा माणूस अक्षरशः बोटीवर अडकतो. एखाद्या रिसॉर्टच्या बेटावर राहावे तर खर्च भरमसाट, आणि बेटाला एक चक्कर मारली की पायी फिरणे संपले.

उरले अंदमान, आणि त्यातही हॅवलॉक, ज्याचे अधिकृत नाव डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, जरी बोटवाल्यांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात. त्याची निवड माझ्या दृष्टीने झाली ती तिथे गाव असल्यामुळे. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही तिथली खरीखुरी गावे आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसवून ती उभी राहिली, आणि आजही तिथे भातखाचरे, सुपारीच्या बागा, बंगाली बोलणारी माणसे आणि मासे-भाताच्या खाणावळी आहेत. भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. पश्चिमेकडे घनदाट जंगल आहे, आणि अंदमानचे कितीतरी पक्षी जगात दुसरीकडे कुठेच आढळत नाहीत. तिच्यासाठी लाइटहाउस, ॲक्वेरियम, द वॉल यांसारख्या जवळच्या जागांपासून डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज यांसारख्या तासाभराच्या अंतरावरच्या खोल जागांपर्यंत सगळ्या पायऱ्या होत्या. (या शेवटच्या दोन जागांना नावे मिळाली ती कॅरेन समाजातल्या स्थानिक डायव्हरांवरून. कॅरेन लोक १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून मध्य अंदमानात येऊन स्थायिक झाले, आणि बेटांवरच्या डायव्हिंगचा पाया घालणाऱ्यांत त्यांचा वाटा मोठा आहे.)

महिना ठरवणे सोपे होते. नैर्ऋत्य मोसमी पावसात, म्हणजे साधारण मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत, जाण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ, आणि डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवेत फेऱ्या बंद पडून हॅवलॉक व नील या बेटांवर शेकडो पर्यटक अडकून पडले होते, हे आम्हांला चांगले आठवत होते. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ. आम्ही फेब्रुवारी घेतला.

पण महिन्यापेक्षा तिथी महत्त्वाची, आणि याविषयी सहलीच्या जाहिरातींत कधी काही लिहिलेले नसते. हॅवलॉकचा पूर्व किनारा, जिथे बहुतेक हॉटेले आणि डायव्ह सेंटर आहेत, तो फार मंद उताराचा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तिथे भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरांच्या आसपास जातो आणि ओहोटीला पाणी दोनअडीचशे पावले मागे हटून खडक, मेलेले प्रवाळ आणि चिखलट वाळू उघडी पडते. फोटोंतले निळे पाणी दाराशी आहे या समजुतीने आलेला माणूस सकाळी उठून पाहतो तो समोर पाणीच नाही. त्याच दिवसांत खोल जागांवरचे प्रवाहही जोराचे असतात, म्हणजे डायव्हरचीही तारांबळ. याउलट अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीच्या दिवसांत, पाण्याची ये-जा कमी होते, प्रवाह मंदावतात आणि किनाऱ्यावर पोहण्याजोगे पाणी जास्त वेळ टिकते. कोकणातल्या कोणत्याही मच्छीमाराला हे सांगावे लागणार नाही. आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढले, अष्टमी मुक्कामाच्या मध्यावर येईल असे पाहिले आणि मगच विमानाची तिकिटे काढली. त्या तारखांचे भरती-ओहोटीचे कोष्टक मी पोर्ट ब्लेअरच्या वेळांनुसार आधीच एका वहीत उतरवून घेतले होते. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कोणत्या सकाळी समुद्रतळ पाहायला मिळेल, कोणत्या दुपारी पोहता येईल आणि कोणता दिवस जंगलासाठी ठेवावा, हे घरी बसूनच बरेचसे ठरले.

त्यानंतर दिवसांचा क्रम. बहुतेक लोक पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला, उतरून आधी तिथली स्थळे पाहतात आणि नंतर हॅवलॉकला जातात. आम्ही उलट केले. वीर सावरकर विमानतळावर सकाळी उतरून दुपारच्या बोटीने थेट हॅवलॉक गाठायचे, आणि पोर्ट ब्लेअर शेवटी ठेवायचे. खासगी बोटीला दीड तास लागतो, सरकारी फेरीला त्याहून बराच अधिक. या उलट्या क्रमाचे कारण परतीचे विमान. अनेक दिवस सलग डायव्ह केल्यानंतर निदान १८ तास विमानात बसू नये अशी मार्गदर्शक सूचना आहे आणि आम्ही घरी नियम म्हणून पूर्ण २४ तास पाळतो. हा कोरडा काळ हॅवलॉकवर घालवला तर तिला समोर पाणी दिसत असताना हात बांधून बसावे लागते. पोर्ट ब्लेअरला घालवला तर तो दोघांचा दिवस होतो. दुसरे असे की हवा बिघडून बोटी बंद पडल्याच, तर विमानाआधी हाताशी एक मोकळा दिवस राहतो.

मुक्कामाच्या जागेवर आमचा थोडा वाद झाला. राधानगरचा किनारा पश्चिमेला आहे. तिथे स्वच्छ वाळू आणि पोहण्याजोगे पाणी आहे, ‘टाइम’ नियतकालिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवले होते, आणि पाठीमागे जंगल. तिला वाटत होते की मला तिथेच ठेवावे. पण डायव्ह सेंटर पूर्वेला आणि राधानगर धक्क्यापासून सुमारे बारा किलोमीटर दूर. तिथे राहिलो तर रोज पहाटे अंधारात तिला सोडायला जायचे आणि दुपारी ओल्या सामानासह आणायला जायचे, म्हणजे माझी सकाळ वाहनचालकाची झाली असती. त्याऐवजी विजयनगरला, सेंटरपासून पायी अंतरावर, खोली घेतली आणि भाड्याची स्कूटर फक्त माझ्या नावावर ठेवली. ती चालत जाई, चालत येई. स्कूटर आणि सकाळ दोन्ही माझ्या ताब्यात राहत.

डायव्ह सेंटर निवडताना तिने फोनवर जे प्रश्न विचारले ते मी शेजारी बसून ऐकत होतो. एका प्रशिक्षकामागे किती डायव्हर असतात, बोटीवर आपत्कालीन प्राणवायूचा संच असतो का, हवा बिघडली तर पैसे पुढच्या दिवसाला वळते होतात का, पहिल्या दिवशी उथळ जागी सरावाचा डायव्ह घेतला जातो का. शेवटच्या प्रश्नाला एका ठिकाणी ‘मॅडम, सर्टिफिकेट आहे ना, मग कशाला?’ असे उत्तर आले आणि ते नाव तिने तिथेच खोडले. माझ्यासाठीचा प्रश्न एवढाच होता की न डायव्ह करणारा बोटीवर येऊ शकतो का. येऊ शकतो, थोडे पैसे भरून. पण कोणत्या जागी, हे विचारायला हवे. लाइटहाउस किंवा ॲक्वेरियमसारख्या उथळ प्रवाळांवर स्नॉर्केल करणाऱ्याला, म्हणजे तोंडात नळी धरून तरंगत खाली पाहणाऱ्याला, वरूनही खूप दिसते. डिक्सन्स पिनॅकलच्या बुडालेल्या सुळक्यांचे माथेच पंधरा मीटरांहून खोल असल्यामुळे तिथे पृष्ठभागावर निव्वळ निळे पाणी आणि हेलकावणारी बोट, यांखेरीज काही नाही. तेव्हा मी पहिल्या दिवशी बोटीवर जायचे आणि खोल डायव्हच्या दिवशी किनाऱ्यावर थांबायचे, असे ठरले. तिचे म्हणणे अगदी सरळ होते: “तू वर बोटीत उलट्या करत बसला आहेस हे डोक्यात असेल, तर माझे खाली लक्ष लागणार नाही.”

निघण्यापूर्वीच्या दोन गोष्टी कंटाळवाण्या पण टाळू नयेत अशा आहेत. एक म्हणजे आरोग्याची प्रश्नावली. पंचेचाळीस वर्षे ओलांडलेल्यांसाठी तिच्यात वेगळे प्रश्न असतात आणि कशालाही ‘हो’ उत्तर आले की डॉक्टरांची सही लागते. ती बेटावर पोचल्यावर शोधत फिरण्यापेक्षा घरून घेऊन जावी. दुसरी म्हणजे विमा. नेहमीच्या प्रवासविम्यात डायव्हिंग बहुधा वगळलेले असते किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते, आणि डायव्हिंगच्या आजारावरचा उपचार दाबाच्या विशेष कक्षात होतो, ज्याचा खर्च मोठा. तिने डायव्हरांसाठीचा स्वतंत्र विमा काढला. माझ्यासाठी साधा पुरला.

माझ्या तयारीत सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे चष्म्याच्या नंबराचा स्नॉर्केल मास्क. मला लांबचे दिसत नाही आणि चष्म्याच्या काड्यांवरून मास्क बसत नाही, कारण कडेने पाणी शिरते. त्यामुळे आजवर स्नॉर्केलिंग म्हणजे रंगीत धुक्यात हात मारणे असेच मी समजत आलो होतो. तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या पायरीने मिळतात, तिरपा नंबर त्यात येत नाही, पण पाण्याखाली सगळे मुळातच सुमारे एकतृतीयांश मोठे आणि जवळ दिसत असल्याने तेवढ्यावर भागते. लाइटहाउसजवळ बोटीच्या शिडीवरून जॅकेट घालून पाण्यात उतरलो, तोंड खाली केले आणि पोपटमाशाला प्रवाळ कुरतडताना पाहिले. कुरतडल्याचा आवाज पाण्यातून कर्र कर्र असा स्पष्ट ऐकू येत होता, आणि काही वेळाने त्याच माशाच्या मागून पांढऱ्या वाळूचा धुरळा सुटला. प्रवाळ पचवून तो वाळू टाकतो, हे वाचलेले होते. माझ्याखाली दहाएक मीटरांवर तिचा गट सावकाश सरकत होता आणि त्यांचे बुडबुडे माझ्या अंगावर येऊन फुटत होते. तिथल्या प्रवाळांत पांढरे, मेलेले पट्टेही पुष्कळ दिसतात. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापून अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते आणि त्यानंतरही असे तडाखे बसलेले आहेत. हॅवलॉकच्या जाहिरातींतले रंग सगळीकडे मिळतील अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये.

बाकीच्या सकाळी माझ्या होत्या. मुक्कामाच्या सुरुवातीला ओहोटी सकाळी लवकर येत होती, तेव्हा पत्नी बोटीवर गेल्यावर मी किनाऱ्यावर उतरत असे. समुद्री मोह्याची झाडे वाळूवर वाकलेली, त्यांच्या मुळांशी शंखातले खेकडे ओळीने चाललेले, पुढे उघड्या पडलेल्या डबक्यांत काळ्या समुद्रकाकड्या आणि त्यांच्या मधून दबकत मासे टिपणारा काळा समुद्रबगळा. फक्त वाळूवरून चालायचे, प्रवाळावर पाय द्यायचा नाही आणि कितीही सुंदर असला तरी शंख उचलायचा नाही, हे पथ्य. विमानतळावर सामान तपासताना शंख-प्रवाळ काढून घेतात, आणि ते योग्यच आहे. एक गोष्ट आधी कोणी सांगितली नव्हती: वाळूवर बसलात तर वाळूमाश्या चावतात आणि खाज आठवडाभर पाठ सोडत नाही. चालत राहणाऱ्याला त्रास कमी, हा माझ्या स्वभावाचा फायदा.

पुढे ओहोटी सकाळी उशिरा येऊ लागली तसा मी स्कूटर काढून उजाडतानाच राधानगरच्या जंगलाकडे जाऊ लागलो. किनाऱ्यावर दुपारी असलेली गर्दी त्या वेळी नसते. मुख्य रस्त्याच्या कडेलाच, एका वठलेल्या झाडावर, अंदमानी सुतार पक्षी मिळाला. संपूर्ण काळा देह, डोक्यावर लाल तुरा, आणि ठोके असे की आधी मला कुठेतरी सुतारकाम चालले आहे असेच वाटले. अंदमानी भारद्वाज आपल्याकडच्या भारद्वाजासारखा काळा नसून तपकिरी-राखाडी असतो आणि त्याचे घुमणे ओळखीचे असूनही त्याला ओळखायला वेळ लागला. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड मात्र थेट मालवणसारखाच. पक्षी पाहायचे नसतील त्याच्यासाठीही या बेटावर सकाळ रिकामी जात नाही. सायकल आहे, तिवरांतून कयाक चालवणे आहे, गोविंदनगरच्या बाजारात बसून चहा आणि बंगाली माणसांच्या गप्पा आहेत. फोनचे जाळे मात्र कधी मिळे, कधी नाही. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून सुधारणा झाली आहे असे तिथले लोक सांगतात, तरी सकाळभर कामाचे फोन घेऊ अशा बेताने जाणाऱ्याने बेत बदलावा.

दुपारचे वेळापत्रक हा सगळ्या नियोजनाचा नाजूक भाग ठरला. दोन डायव्ह करून आलेला माणूस जेवतो आणि झोपतो. त्याला कोणी रसिकतेचा अभाव समजू नये, शरीरच तसे थकते. भरीस अंदमानची घड्याळे आपलीच असली तरी सूर्य त्यांचा स्वतःचा आहे. बेटे इतकी पूर्वेला आहेत की फेब्रुवारीतसुद्धा साडेपाचच्या आगेमागे सूर्य मावळतो. ‘चारला निघू’ असे पुण्यातल्या सवयीने म्हटले तर राधानगरला पोचेपर्यंत उजेड संपत आलेला असतो. आम्ही दीड ते तीन विश्रांती, सव्वातीनला स्कूटरवर, आणि मावळतीपर्यंत राधानगर, हा क्रम पाळला. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा धोका पूर्वी प्रत्यक्ष घडलेला आहे, म्हणून पोहण्यासाठी नेमून दिलेल्या जागेबाहेर न जाणे आणि जीवरक्षकांनी शिटी वाजवली की निमूट बाहेर येणे, याबाबतीत हौस बाजूला ठेवावी.

मला ‘ट्राय डायव्ह’ करायला लावण्याचे प्रयत्न ठिकठिकाणी झाले. बारा मीटरांच्या आतच, प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून ठेवतो, पोहता येणेही आवश्यक नाही, फोटो मोफत. निरोगी माणसाने चांगल्या सेंटरमध्ये तो जरूर करावा, त्यात वाईट काही नाही. पण आग्रह करणाऱ्यांपैकी एकाने माझ्या कानाविषयी ऐकल्यावर ‘फॉर्ममध्ये लिहू नका, कोणी बघत नाही’ असा सल्ला दिला. हे वाक्य ऐकल्यावर त्या ठिकाणी डायव्हरनेही जाऊ नये असे माझे मत आहे, आणि तिचेही तेच झाले. जोडीदाराने आपल्याबरोबर खाली यावे ही डायव्हरची इच्छा मी समजू शकतो. ती पुरी करण्यासाठी दुसऱ्याने भीड म्हणून होकार देणे मात्र दोघांच्याही सुट्टीचा बळी घेते. तिने हा विषय आमच्यात कधी काढला नाही, याचे श्रेय तिला.

डायव्हच्या दिवसांमध्ये मुद्दाम एक कोरडा दिवस ठेवला होता. एलिफंट बीचला बोटीनेही जाता येते, पण आम्ही जंगलातून पायी गेलो, आणि डायव्ह केलेल्या दिवशी दमछाक होईल असे श्रम टाळावेत म्हणून ही चाल त्या दिवसावरच टाकली होती. तिथला किनारा सांगण्यासारखा राहिलेला नाही, वॉटर स्कूटरचा गोंगाट आहे. वाट मात्र सुंदर आहे आणि शेवटी तिवरांतून चिखल तुडवावा लागतो. त्याच आठवड्यात एके सकाळी वारा वाढला, जॉनीज गॉर्ज रद्द झाले आणि त्याऐवजी जवळच्या द वॉलवर नेतो म्हणून सेंटरने सांगितले. ती थोडी खट्टू झाली. पण सेंटर निवडताना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे कामी आले, आणि वारा पडल्यावर दोन दिवसांनी तिला जॉनीज गॉर्ज मिळालेच. परत आली ती बराकुडांच्या थव्याबद्दल सांगत, आणि मी अंदमानी सुताराबद्दल. दोघांनाही एकमेकांच्या बातमीत अर्धवटच रस होता, पण जेवण फार लांबले.

पोर्ट ब्लेअरचा शेवटचा दिवस मराठी माणसासाठी वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. मूळच्या सात विंगांपैकी तीन आज उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे इथे होते. त्यांची कोठडी पाहायला लागलेल्या रांगेत आमच्या पुढेमागे मराठीच कानावर पडत होते. बाबाराव सावरकरही याच तुरुंगात होते, आणि दोघे भाऊ एकाच इमारतीत असून बराच काळ एकमेकांना भेटू शकले नाहीत, हे त्या लांबलचक, एकीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे असलेल्या विंगा पाहिल्यावर पटते. दुपारी चिडियाटापूला गेलो. ते पक्ष्यांचे ठिकाण म्हणून मी मागितले होते आणि चोवीस तास पाण्यापासून दूर राहायचे असल्यामुळे तिच्याकडे नाही म्हणायला कारण नव्हते.

खर्चाविषयी एवढेच, की डायव्हिंगचे पैसे आम्ही सहलीच्या खर्चात मिसळत नाही. प्रवास, खोली, जेवण हा दोघांचा खर्च. डायव्ह, विमा, भाड्याची उपकरणे हा तिचा. स्कूटर, मास्क, चिडियाटापूची गाडी हा माझा. असे वेगळे लिहिले की ‘तुझ्या छंदापायी’ हे वाक्य घरात उच्चारले जात नाही. सामानाचे वजन तेवढे सामायिक राहिले: देशांतर्गत विमानात पंधरा किलोंची मर्यादा असते, तिचे रेग्युलेटर (पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण) आणि डायव्ह टॉर्चच्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत, पायात घालायचे फिन आणि सूट तिच्या बॅगेत, आणि जे मावले नाही ते सगळे माझ्या बॅगेत. पुढच्या वर्षी नेत्राणीचा विचार चालू आहे. शरावतीच्या मुखाकडच्या तिवरांत पक्षी कितपत मिळतात याची चौकशी मी सुरू केली आहे, आणि ते उत्तर आल्याशिवाय तारखा ठरणार नाहीत.